लेड गेलं, इथेनॉल आलं: जुन्या गाडीत आधी काय बघायचं

जुनी गाडी चालवणारे दोघे भेटले की पेट्रोलचा विषय निघतोच, आणि पहिला प्रश्न लेडचा, म्हणजे पूर्वी पेट्रोलमध्ये घालत त्या शिशाचा असतो. अनलेडेडवर व्हॉल्व्ह टिकतील का? प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नाही. आजच्या पेट्रोलमुळे जुन्या इंजिनाला जे जे त्रास होतात, त्यांत लेड नसण्याचा त्रास सगळ्यात सावकाश होतो. तो फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजता येतो आणि नियमित मोजलं तर इंजिन बिघडायच्या बरंच आधी कळतो. आता पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलने, म्हणजे अल्कोहोलने, आतून सडलेला पेट्रोल पाइप मात्र एका क्षणी फुटतो आणि तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडतो. व्हॉल्व्ह गेला तर हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावं लागतं, पाइप फुटला तर गाडीच जाते.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा: आधी पाइप आणि रबर, मग टॅपेट गॅपची (व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीची) नोंद, मग टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण). हेडला हात लावायचा निर्णय सगळ्यात शेवटी, आकडे समोर आल्यावर.

थोडी पार्श्वभूमी हवी, कारण तिच्यावरूनच कुठल्या गाडीला किती धोका आहे ते ठरतं. टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये घातलं की नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी, स्फोटासारखं जळणं) थांबतं, हे थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत सापडलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरात असं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. लेड घातलं ते ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग टाळायची क्षमता, वाढवण्यासाठी. व्हॉल्व्हच्या सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या कडेवर) लेडच्या क्षारांचा पातळ थर बसून तिचं रक्षण होतं, हा त्याबरोबर आयता मिळालेला फायदा. पुढे धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, ते लेडने निकामी होत. लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणामही स्पष्ट झाला. एकेक देश लेड सोडत गेला आणि २०२१ मध्ये अल्जेरियाने विक्री थांबवल्यावर मोटारींसाठी लेडचं पेट्रोल जगात कुठल्याच पंपावर उरलं नाही. ते गेलं हे चांगलंच झालं. १९२३ पूर्वीच्या गाड्या तर लेडशिवायच बनल्या आणि लेडशिवायच धावल्या. कमी कॉम्प्रेशन आणि कमी आरपीएमच्या त्या इंजिनांना आजच्या पेट्रोलचं ऑक्टेन गरजेपेक्षा जास्तच आहे.

पाइप आणि रबर

इथेनॉल जुन्या रबराला दोन प्रकारे मारतं. नैसर्गिक रबर आणि सुरुवातीच्या काळातलं नायट्राइल (कृत्रिम रबर) आधी फुगतं, मऊ पडतं. मग गाडी उभी राहिली, पेट्रोल उडून गेलं, की तेच रबर आकसतं आणि चिरतं. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीचे पाइप लवकर जातात ते यामुळे. वरून पाइप ठीक दिसतो आणि आतलं अस्तर सुटून त्याचे काळे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) जाऊन बसतात. ज्याच्यावर कापडाची किंवा स्टीलच्या जाळीची वेणी आहे तो पाइप सगळ्यात फसवा, कारण चिरा वेणीखाली दडतात.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना पाइप बोटांत धरून वाकवा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा उघडल्या, दाबल्यावर तो चिकट लागला किंवा पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर फडकं काळं झालं, तर तो बदलायचा. बॉनेट उघडल्या उघडल्या पेट्रोलचा वास येत असेल तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही, सगळेच बदला.

नवा पाइप घेताना त्यावरची छापील अक्षरं वाचा. एसएई जे३० आर९ (हा पाइपाच्या मानकाचा क्रमांक) असं छापलेल्या पाइपला आतून फ्लुरोइलॅस्टोमरचं अस्तर असतं. व्हायटॉन या नावाने मेकॅनिक ज्याला ओळखतात तेच हे रबर. ई१० आणि ई२०, म्हणजे १० आणि २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, दोन्हींना ते पुरून उरतं. नुसतं आर६ किंवा आर७ छापलेला साधा पाइप जुन्या गाडीवर बराच वापरला जातो, पण इथेनॉलच्या पेट्रोलसाठी मी तो बसवणार नाही. अक्षरं छापलेलीच नसतील तर पाइप कितीही चांगला दिसो, घेऊ नका. मापात आणखी एक गडबड होते. जुन्या ब्रिटिश गाड्यांची धातूची नळी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी असते. तिच्यावर ६ मिमीचा पाइप जोर लावून चढवला की टोकाशी तो ताणलेला राहतो आणि तिथूनच फाटतो, त्यामुळे ६.३ मिमीचाच मागा. पाच-सोळांश इंचाच्या नळीला ८ मिमीचा पाइप नीट बसतो.

क्लिप गुळगुळीत पट्टीची आणि कडा वर वळवलेली घ्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत असते तशी. खाचा पाडलेली साधी क्लिप आवळली की खाचांच्या कडा रबर कापतात. क्लिप इतकीच आवळायची की रबर तिच्या कडेने जेमतेम उठलेलं दिसेल.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल ठेवा आणि गाडी उघड्यावर घ्या. खड्ड्यात उतरून हे काम कधीही करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. पावडरचं अग्निशामक हाताशी हवं. टाकीपासून सुरुवात करून पुढे या, कारण विसरले जाणारे तुकडे मागेच असतात: टाकीच्या तोंडाचा जाड पाइप, हवेच्या नळीचा बारीक पाइप, पेट्रोल गेजच्या सेंडरखालचं कॉर्कचं किंवा रबराचं गॅस्केट. सगळं बसवल्यावर प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसा, इंजिन दहा मिनिटं चालवा, पुन्हा पुसा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर क्लिपा एकदा तपासा, नवं रबर थोडं दबलेलं असतं.

पाइपाच्या पुढे पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आहे, कार्ब्युरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम आहे, फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल रोखणाऱ्या नीडल व्हॉल्व्हचं टोक आहे. या तिन्हींची इथेनॉलला टिकणारी किट मिळतात. एसयू या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या एच प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये जेटभोवती कॉर्कच्या सील असतात. त्या सुकल्या की जेटखालून थेंब पडू लागतात. स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरमध्ये मोठा रबरी डायफ्रॅम असतो, तो फुगला की पिस्टन अडकत वर जातो आणि पिकअप तुटतो. फ्लोट पितळी असेल तर हलवून बघा, आत पेट्रोल खुळखुळतंय का. फोमचा फ्लोट वर्षानुवर्षं पेट्रोल शोषून जड होतो, पातळी वर चढते आणि गाडी कारण नसताना फ्लड होत राहते (इंजिनात नको इतकं पेट्रोल शिरतं). त्याचं वजन करून नव्याशी ताडून बघणं हाच खात्रीचा मार्ग. टाकीच्या आतून पूर्वी कुणी सीलंट लावलेलं असेल तर त्याच्याकडे संशयानेच बघा. जुन्या प्रकारचे लेप इथेनॉलमध्ये सुटतात आणि त्यांची पापुद्र्यांसारखी सालं थेट फिल्टरमध्ये येतात. फायबरग्लासच्या टाकीत इथेनॉलचं पेट्रोल भरूच नये. तिच्यातली राळ (रेझिन) मऊ पडते.

इथेनॉलच्या पेट्रोलवर नव्याने आलेल्या गाडीत पहिल्या दोन टाक्या संपल्या की फिल्टर बदला. टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं बसलेलं वार्निश आणि गंज इथेनॉल सोडवून आणतं. फिल्टर पारदर्शक असला की काय येतंय ते दिसतं. फक्त तो एक्झॉस्टपासून दूर हवा, आणि काचेचा असेल तर त्याच्या आतल्या सीलसुद्धा व्हायटॉनच्या हव्यात.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरीही अंदाजता येतं. मापाच्या उभ्या काचेच्या नळीत १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, बूच लावून हलवा आणि पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि खालचा थर वाढतो. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. २० च्या आसपास गेला तर पेट्रोल ई१० च्या जवळपासचं आहे. याच पद्धतीने टाकीभर पेट्रोल 'धुऊन' इथेनॉल काढून टाकायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही जातं, उरलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो आणि खालचं मिश्रण टाकायला जागा नसते.

टॅपेट गॅपची वही

आता लेड. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण भाराखाली लाल होण्याइतका तापतो. सीटवर लेडचा थर नसेल तर व्हॉल्व्हचा चेहरा आणि बिडाची सीट क्षणभर एकमेकांना अक्षरशः वेल्ड होतात. व्हॉल्व्ह उघडताना सीटचे सूक्ष्म कण उपटून घेतो, ते कण ऑक्साइड होऊन कडक बनतात आणि पुढच्या प्रत्येक आपटीला पॉलिश पेपरसारखे सीट घासतात. सीट खचत जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, त्याचा दांडा वर येतो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. गॅप शून्य झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. बसला नाही की त्याची उष्णता सीटला जाऊ शकत नाही, आणि मग तो जळतो.

हे घडायला सतत उष्णता आणि वेग लागतो. शहरात आणि गावाकडच्या रस्त्यावर शांतपणे चालणाऱ्या इंजिनात सीट खचण्याचा वेग नगण्य असू शकतो. तेच इंजिन तासनतास ४००० आरपीएमच्या वर, भरलेल्या गाडीत, चढावर चालवलं तर काही हजार किलोमीटरमध्ये काम निघू शकतं. दणकट व्हॉल्व्ह स्प्रिंग बसवलेली आणि व्हॉल्व्ह फिरवणारे रोटेटर असलेली इंजिनं यात जास्त सापडतात, कारण आपटी आणि घासणं दोन्ही वाढतं.

कुठलं हेड आहे ते आधी पाहा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट वेगळी बसवलेली असतेच. ॲल्युमिनियमवर व्हॉल्व्ह थेट आपटवता येत नाही. ती सीट बहुतेकदा बऱ्यापैकी कठीण असते, त्यामुळे जॅग्वारचं एक्सके इंजिन किंवा एअर-कूल्ड फोक्सवॅगन यांच्या मालकांनी लेडवरून झोप उडवून घ्यायची गरज नाही. खरा प्रश्न बिडाच्या हेडमध्येच सीट कोरलेल्या इंजिनांचा. मॉरिस मायनर आणि मिनीचं ए सिरीज, एमजीबीचं बी सिरीज, आणि त्याच बी सिरीजमधून आलेलं अँबॅसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन ही त्यातली ओळखीची नावं.

एक जमेची बाजू आहे. लेडवर वर्षानुवर्षं चाललेल्या हेडमध्ये जुना थर सीटमध्ये मुरलेला असतो आणि तो बराच काळ आधार देतो. व्हॉल्व्ह लॅप केले (पेस्ट लावून सीटवर घासून बसवले) किंवा सीट कापल्या की तो थर जातो. म्हणून न उघडलेलं, कॉम्प्रेशन चांगलं असलेलं हेड 'एकदा बघून घेऊ' म्हणून उतरवून लॅपिंग करू नये.

मोजायचं कसं? ए सिरीजचा गॅप थंड इंजिनाला ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी. इतर इंजिनांना मॅन्युअलमधला आकडा धरा आणि गरम की थंड तेही तिथलंच पाळा. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्हच्या या इंजिनांना नऊचा नियम लागू पडतो: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना आठव्याचा गॅप मोजायचा, तिसरा दाबलेला असताना सहाव्याचा, म्हणजे दोन्ही क्रमांकांची बेरीज नऊ. ए सिरीजमध्ये १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्ट. मधले ४ आणि ५ एकाच पोर्टमध्ये धूर सोडतात, त्यामुळे उष्णता तिथे जास्त साठते. नजर त्यांच्यावर ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: गॅप पुन्हा सेट करण्याआधी आहे तो आकडा लिहून ठेवा. टॅपेट सेटिंग करणारे बहुतेक लोक थेट पाना लावतात आणि हातातला पुरावा घालवतात. वहीत तारीख, किलोमीटर आणि आठही आकडे हवेत. रॉकर, पुशरॉड आणि कॅम झिजल्याने गॅप वाढतो. सीट खचल्याने तो घटतो. इनलेटचे (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचे) आकडे इथे ताडून बघायच्या कामी येतात. इनलेट जागेवर किंवा थोडे वाढलेले, आणि फक्त एक्झॉस्ट घटलेले, तर सीटच खचते आहे.

सुरुवातीला दर १५०० किलोमीटरला मोजा. तीन वेळा मोजूनही एक्झॉस्टचे आकडे ०.०५ मिमीच्या आतच खालीवर होत असतील तर पुढे ५००० किलोमीटरचं अंतर चालेल. एकदा सेट केल्यावर १५०० किलोमीटरमध्ये ०.१० मिमी किंवा जास्त घटला आणि पुढच्या वेळीही तेच दिसलं, तर हेडचं काम ठरवून टाका. तोवर वेग कमी ठेवा आणि ॲडिटिव्ह सुरू करा. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात ही युक्ती चालत नाही. टॅपेट स्वतःच खचलेली जागा भरून काढत राहतो आणि त्याची मर्यादा संपली की अचानक कॉम्प्रेशन पडतं. तिथे रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्याची उंची डेप्थ गेजने एका ठरावीक जागेपासून मोजून ठेवावी लागते.

टायमिंग आणि मिक्श्चर

ऑक्टेनचे आकडे ताडताना कुठला आकडा आहे ते आधी बघा. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, आरओएन आणि तिच्याहून कडक एमओएन. बऱ्याच देशांत पंपावर आरओएन असतो, तर अमेरिकेत आरओएन आणि एमओएनची सरासरी लिहितात. तिथलं ८७ म्हणजे साधारण ९१-९२ आरओएन. ढोबळ अंदाज असा: ८:१ पर्यंतच्या कॉम्प्रेशनला ९१ पुरतं, ९:१ च्या आसपास ९५ लागतं, त्यावर गेलं की ९७-९८. ब्रिटनमधलं जुनं लेडचं फोर-स्टार पेट्रोल ९७ च्या घरातलं होतं, त्यामुळे त्यावर ट्यून केलेलं ९:१ चं इंजिन आज ९१ वर चालवलं तर चढावर पिंकिंगचा, म्हणजे नॉकिंगचाच, तो किणकिण आवाज येणारच. तो ऐकून सोडून देऊ नका. पिस्टनचा माथा आणि रिंगांमधल्या भिंती त्यानेच फुटतात.

टायमिंग मागे घेण्याआधी, म्हणजे ठिणगी उशिरा पाडण्याआधी, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) बघा. ॲडव्हान्सच्या (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडणाऱ्या) वजनांच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या की ॲडव्हान्स लवकर येतो आणि दोष पेट्रोलवर जातो. स्ट्रोब लाइट लावा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि आयडलपासून ४००० आरपीएमपर्यंतचा ॲडव्हान्स मॅन्युअलशी ताडून पाहा. सगळं बरोबर असूनही पिंकिंग होत असेल तर २ अंश मागे घ्या आणि टॉप गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ऐका. गरज पडली तर आणखी १-२ अंश. एकूण ४ च्या पुढे जाऊ नका.

यामागचं कारण थेट व्हॉल्व्हशी जोडलेलं आहे. टायमिंग जितकं मागे, तितकं ज्वलन उशिरा संपतं आणि वायू जास्त गरम असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून बाहेर पडतो. म्हणजे पिंकिंग घालवायच्या नादात आपण सीट खचण्याचा वेग वाढवतो. चार अंशांनी भागत नसेल तर उत्तर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, नाहीतर सिलिंडरमधला कार्बन साफ करणं.

मिक्श्चरचंही तसंच. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. ई१० ला १४.१ च्या आसपास, ई२० ला साधारण १३.५. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकंच पेट्रोल देतो आणि इंजिन ई१० वर सुमारे ४ टक्के, ई२० वर ८ टक्के लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालतं. लीन म्हणजे आणखी गरम व्हॉल्व्ह. फिक्स्ड जेटच्या कार्ब्युरेटरमध्ये हिशेब सोपा आहे: पेट्रोलचा प्रवाह जेटच्या क्षेत्रफळावर ठरतो, तेव्हा ४ टक्के जास्त हवं तर व्यास २ टक्के वाढवायचा. १२० चा मेन जेट असेल तर १२२ किंवा १२२.५, आणि ई२० साठी १२५. ड्रिल घालून जेट मोठं करू नका, आतला कोन बिघडतो.

एसयूमध्ये जेटचा नट सहा कडांचा असतो. एकेक कड खाली फिरवा आणि पिस्टन खालच्या पिनने जेमतेम १ मिमी उचलून बघा. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर मिक्श्चर रिच, लगेच पडला तर लीन, क्षणभर वाढून स्थिरावला तर बरोबर. मात्र हे आयडलचं झालं. वरच्या आरपीएमला लीन राहत असेल तर जेटमध्ये वरखाली होणारी नीडल बदलावी लागते.

प्लगचा रंग बघून निर्णय घेण्याची जुनी सवय इथे दगा देते. लेडच्या काळात सायलेन्सरच्या टोकाला फिकट राखाडी रंग दिसला की ट्यूनिंग बरोबर समजत. अनलेडेडमध्ये तो काळपट राहतो आणि प्लग फिकट दिसतात, त्यामुळे काळं टोक बघून मिक्श्चर आणखी लीन केलं जातं. शक्य असेल तर एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर बसवून घ्या आणि मीटरवर हवा-पेट्रोल गुणोत्तराऐवजी लॅम्ब्डाच (मिळालेली हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा) वाचा. पेट्रोल कुठलंही असो, त्याचा अर्थ बदलत नाही. पूर्ण भाराखाली ०.८८ ते ०.९२ असलं की व्हॉल्व्ह सुरक्षित आहेत.

गरम इंजिन, बंद गाडी

आजचं पेट्रोल जुन्या पेट्रोलपेक्षा कमी तापमानाला उकळायला लागतं, कारण ते बंद, दाबाखालच्या इंजेक्शन सिस्टिमसाठी बनवलेलं आहे. त्यात थोडं इथेनॉल मिसळलं की वाफेचा दाब आणखी वाढतो. यातून दोन वेगळे त्रास होतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. चालत्या गाडीत पंप आणि पाइपात वाफ होऊन पेट्रोल पोचत नाही, तो व्हेपर लॉक. गाडी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी मॅनिफोल्डच्या उष्णतेने फ्लोट चेंबर उकळतो आणि पेट्रोल इनलेटमध्ये उतू जातं, तेव्हा गाडी खरं तर फ्लड झालेली असते. दुसऱ्या प्रकारात चोक ओढू नका. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप न करता स्टार्टर मारा.

कायमचा उपाय म्हणजे उष्णता अडवणं. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये ६ ते १० मिमी जाड फिनॉलिकचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) स्पेसर, खाली पत्र्याची हीट शील्ड, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवलेली. स्पेसर घातला की स्टड आणि ॲक्सिलरेटरच्या जोडण्या लांबीला कमी पडतात, ते आधी मोजा. बॉनेट बंद होतंय का तेही. एवढ्याने भागलं नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप, कारण पेट्रोल ओढण्यापेक्षा ढकललं तर वाफ कमी होते. दाब ०.१५ ते ०.२५ बारच हवा. इंजेक्शनचा पंप लावला तर नीडल व्हॉल्व्ह तो रोखू शकत नाही आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहतं. इनर्शिया स्विचशिवाय (धडकेत पंप तोडणाऱ्या स्विचशिवाय) इलेक्ट्रिक पंप बसवू नका. अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप चालूच राहतो.

इंजिन बंद केल्यावरही ते धडधडत चालत राहत असेल तर आधी आयडल स्पीड कमी करा, मग प्लगची हीट रेंज (तो किती उष्णता बाहेर टाकतो) बघा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

गाडी उभी ठेवायची असेल तर

ई१० मध्ये सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकतं. त्यापुढे गेलं, किंवा रात्री तापमान पडलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. तो थर नेमका टाकीच्या ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी बसतो. पत्रा, झिंकचं कार्ब्युरेटर, पितळ सगळं त्यात गंजतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरलेलं असतं. असं पेट्रोल हलवून पुन्हा एकत्र होत नाही, टाकी रिकामीच करावी लागते.

दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पत्र्याची टाकी गळ्यापर्यंत भरा म्हणजे दमट हवेला जागा राहत नाही. ताज्या पेट्रोलमध्येच स्टॅबिलायझर आणि गंजरोधक घाला (जुनं झालेलं पेट्रोल त्याने ताजं होत नाही), इंजिन दहा मिनिटं चालवून ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचवा, मग फ्लोट चेंबर रिकामा करा.

ॲडिटिव्ह, आणि मग हेड

सीटसाठीचे ॲडिटिव्ह फॉस्फरस, पोटॅशियम, सोडियम किंवा मँगनीज यांपैकी एकावर आधारलेले असतात. ते लेडसारखाच थर धरतात आणि मध्यम वापरात उपयोगी पडतात. एक प्रकार निवडा आणि त्यालाच चिकटून राहा. वेगवेगळ्या आधाराचे मिसळू नका. प्रमाण बाटलीवरचंच, जास्त घातल्याने जास्त रक्षण होत नाही, प्लगवर आणि चेंबरमध्ये राख मात्र बसते. मँगनीजवाल्याने प्लग तांबूस होतात, त्याला घाबरू नका. टाकी भरण्याआधी ॲडिटिव्ह ओता म्हणजे पेट्रोलच्या धारेने ते मिसळतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत फॉस्फरसचं ॲडिटिव्ह नको. टाकीत सोडायच्या कथिलाच्या गोळ्यांवर मी सीट सोपवणार नाही. विमानाचं लेडयुक्त पेट्रोल मिसळणं रस्त्यावरच्या गाडीसाठी बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि त्या धुरातलं लेड शेवटी कुणाच्या तरी फुप्फुसात जातं.

वहीतले आकडे सांगत असतील तरच हेड उतरवा. उतरवल्यावर पहिली खबरदारी: चेंबर आणि पोर्टमधली जुनी राख लेडची आहे. ती कोरडी खरवडू नका, वायर ब्रश ड्रिलला लावून तर नाहीच. तेलात किंवा क्लीनरमध्ये भिजवून काढा, हातमोजे आणि बारीक धुळीचा मास्क वापरा, फडकी वेगळ्या पिशवीत बंद करा.

मशिनिंगला देण्याआधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. ए सिरीजच्या हेडमध्ये मधल्या दोन एक्झॉस्टच्या आसपास तडे सापडतात, आणि तडा असलेल्या हेडमध्ये नवी सीट बसवणं म्हणजे खर्च पाण्यात. साधारणपणे फक्त एक्झॉस्टला सिंटर्ड मिश्रधातूच्या कठीण सीट पुरतात. बिडात बसवताना सीटचा बाहेरचा व्यास खाचेपेक्षा ०.०८ ते ०.१२ मिमी मोठा असतो. सीट द्रव नायट्रोजनमध्ये गार करून, हेड कोमट करून, एका दमात बसवतात. खाच किती खोल चालेल हे त्या हेडची माहिती असलेल्याने ठरवावं, कारण खाली पाण्याची जागा असते आणि तिथे भोक पडलं की हेड भंगारात. सीटची रुंदी एक्झॉस्टला १.५ ते २ मिमी ठेवायला सांगा. बारीक सीटने व्हॉल्व्हची उष्णता हेडमध्ये जात नाही.

व्हॉल्व्ह २१-४एन स्टेनलेसचे घ्या. जुने साधे व्हॉल्व्ह नव्या कठीण सीटवर जास्त दिवस टिकत नाहीत. गाइडमधला (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीतला) ढिलेपणाही याच वेळी काढून टाका, कारण वाकडा बसणारा व्हॉल्व्ह सीट कितीही कठीण असली तरी एका बाजूने जळतो. जोडणी झाल्यावर मॅन्युअलच्या क्रमाने आणि टॉर्कने हेड आवळा, गॅस्केटच्या प्रकाराप्रमाणे ५०० किलोमीटरला पुन्हा तपासा, आणि त्याच वेळी गॅपची नवी नोंद सुरू करा. सुरुवातीला सीट बसताना गॅप किंचित घटतो. दुसऱ्या नोंदीपासून तो स्थिर राहिला की ॲडिटिव्ह बंद केलं तरी चालेल.